बंक आणि गाइड : बोटीच्या ट्रेलरवरची दोन वेगळी कामं

"मालक, पट्ट्या अजून जरा आत घ्या की, बोट आपोआप मधी बसंल." उजनीच्या काठावर ट्रेलर उलटा घेऊन उभं राहिलं की हा सल्ला हमखास मिळतो. देणारा मनापासून देतो, पण तो ऐकला तर बोटीचं नुकसान होतं. कारण त्यात दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत आहे. बोटीच्या तळाखाली लांबीच्या दिशेनं असतात त्या पट्ट्या म्हणजे बंक, आणि मागच्या बाजूला दोन्हीकडे उभे असतात ते खांब म्हणजे गाइड. काही ट्रेलरवर दोन्हींना तेच कार्पेट गुंडाळलेलं असतं, दोन्ही यू-बोल्टनं त्याच चौकटीला आवळलेले असतात. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं असं वाटणं साहजिक आहे.

बंक वजन पेलतो. गाइडनं वजन पेलायचंच नाही; बोट तरंगत असताना तिला मधोमध ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

आधी बंकाचं बघू. फायबर बोटीचा तळ सगळीकडे सारखा मजबूत नसतो. आत लांबीला ज्या कण्यासारख्या पट्ट्या असतात, त्यांच्या खाली बंक यायला हवा. शिवाय तो मागच्या फळीपर्यंत, म्हणजे इंजिन टांगतात त्या ट्रान्समपर्यंत पोचला पाहिजे. बंक आखूड पडला तर इंजिनाचं वजन अधांतरी लोंबतं आणि रस्त्यावरच्या धक्क्यांनी तळाला हळूहळू बाक येतो. आता त्या सल्ल्याप्रमाणे बंक आत सरकवले तर काय होतं? व्ही आकाराचा तळ मधल्या कण्याजवळ टेकतो, बोट आधीपेक्षा उंच बसते, डावी-उजवीकडे डुलायला लागते आणि सगळा भार नको त्या जागी येतो. व्ही-तळाची बोट बंकावर थोडीफार स्वतःहून मधे येते हे खरं, पण कार्पेट चांगलं ओलं असेल आणि पाण्यानं निम्मं वजन उचललेलं असेल तरच.

कार्पेटचा विषय निघाला म्हणून सांगतो. सोलापुरात जुनी चादर कुठेही गुंडाळायची आपली सवय आहे, आणि चादरीवर माझंही प्रेम आहे, पण बंकावर ती नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि खालचं लाकूड कुजतं. कृत्रिम धाग्याचं कार्पेट घ्या, स्टेनलेसच्या पिना मारा, आणि त्या खालच्या बाजूला मारा. वर मारल्या तर तळाला ओरखडे पडतात.

गाइडचं गणित वेगळं आहे. जीआय पाइप, त्यावर सैल बसणारा पीव्हीसी पाइप, म्हणजे बोट घासली की तो फिरतो. बोट बसल्यावर दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटिमीटर फट राहिली पाहिजे. मी पहिल्यांदा गाइड बसवून घेतले तेव्हा वर्कशॉपवाल्यानं ते बोटीला अगदी चिकटवून वेल्ड केले, "हलणार नाही, मालक" म्हणून. दोन-तीन फेऱ्यांतच दोन्ही कडांचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, घासून पांढरा पडला आणि उजवा खांब बाहेर वाकला. बोट हलू नये हे गाइडचं कामच नव्हे. ते बोट मागून ट्रेलरला आवळून बांधायच्या पट्ट्यांचं आणि पुढच्या विंचचं, म्हणजे बोट ओढून धरणाऱ्या चरखीचं. तेव्हापासून वेल्डिंग नाही, यू-बोल्टच. सरकवता आले पाहिजेत. उंची इतकी हवी की ट्रेलर पाण्यात गेल्यावरही वरची टोकं गाडीच्या आरशात दिसतील. रिकामा ट्रेलर पाण्यात बुडाला की चालवणाऱ्याला दुसरी कसलीच खूण उरत नाही.

उजनीवर हा फरक जास्त जाणवतो. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणूनच 'धरण मायनसमध्ये गेलं' हे वाक्य आपल्याला उन्हाळ्यात नवं नाही. पावसाळा संपताना जिथे बोट उतरवली, तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो. पाणी मागे सरकतं तसा काठाचा उतारही बदलतो. पक्क्या रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के ठेवतात. १५ टक्के उतारावर ६० सेंटिमीटर खोली ४ मीटरवर मिळते. उतार ५ टक्केच असेल तर त्याच खोलीसाठी १२ मीटर आत जावं लागतं, आणि तोवर गाडीची मागची चाकं गाळात.

मग लोक ट्रेलर थोडाच बुडवतात, बोट कोरड्या बंकावर अडते, विंच कुरकुरते, आणि बोल लावला जातो गाइडला. तिथे गाइड काय करणार? कार्पेट आधी भिजवून घ्यायला हवं होतं किंवा ट्रेलर आणखी आत जायला हवा होता. उलट ट्रेलर फार खोल गेला तर बोट बंकापासून वर तरंगते, बाजूचा वारा तिची शेपटी ढकलतो आणि बाहेर ओढताना ती तिरकी बसते. तेव्हा चूक बंकाची नसते. गाइड नसतील तर बसवा, असतील तर फट तपासा. मी ट्रेलर पूर्ण बुडवून कार्पेट भिजवतो, मग बंकाची पुढची टोकं पाण्याबाहेर दिसेपर्यंत गाडी पुढे घेतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

उतार कायमच सपाट असेल तर बंकाऐवजी रोलर बरे, बोट कमी पाण्यातही वर चढते. पण रोलरवर भार ठिपक्या-ठिपक्यांवर येतो, आणि उतरवताना विंचचा हूक पाण्याआधी काढला तर बोट थेट जमिनीवर येऊ शकते. रोलर बसवले तरी गाइड लागतातच.

बोट डावी-उजवीकडे मधोमध बसली म्हणजे काम झालं असंही नाही. पुढे-मागे ती कुठे थांबते हे विंचच्या खांबावर ठरतं. गाडीच्या हूकवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार यावा. मागे वजन जास्त झालं तर पुणे हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. विंचचा खांब सरकवला की बंक ट्रान्समपर्यंत पोचतात का, हे पुन्हा बघा.

हे सगळं घरी, सपाट जागेवर, बोट ट्रेलरवर असतानाच जुळवता येतं. गवंड्याचा ओळंबा घ्या. एकदा पुढच्या कडीपासून आणि एकदा ट्रान्समच्या मध्यापासून सोडा, जमिनीवर दोन्ही ठिकाणी खडूनं खूण करा. आता ट्रेलरच्या जोडणीच्या टोकापासून आणि दोन्ही चाकांच्या मधल्या बिंदूपासूनही तसंच करा. चारही खुणा एका दोरीत आल्या तर बंक बरोबर आहेत. मग गाइडची फट मोजा आणि बोल्ट आवळा. आल्या नाहीत तर गाइडला हात लावू नका, आधी बंक सैल करा.