ट्रिस्टन दा कुन्हा बेटावरील मिशनरी शिक्षण

दक्षिण अटलांटिक महासागरातील ट्रिस्टन दा कुन्हा ह्या ब्रिटिश बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंड ह्या पंथाच्या) पाद्र्यांनी चालवलेली शाळा. सलग परंपरा म्हणावी असे तिच्यात फारसे काही नव्हते. पाद्री आला की शाळा भरे, तो परतला की ती बंद पडे, आणि मधली पोकळी कधी कधी दशकाहून लांब असे.

सर्वांत जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, सुमारे २,४०० किमी. दूर. केपटाउन त्याहूनही लांब. विमानतळ नाही. जहाज आले तरी समुद्र खवळलेला असल्यास माणसे उतरवता येत नाहीत. बेटाला नाव मिळाले ते १५०६ मध्ये हिंदुस्थानच्या वाटेवर ते पाहणाऱ्या पोर्तुगीज दर्यावर्दीचे. त्याचाच मुलगा नूनो दा कुन्हा पुढे गोव्यात गव्हर्नर झाला आणि १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून त्याने वसई मिळवली.

कायम वस्तीची सुरुवात १८१६ मध्ये आलेल्या ब्रिटिश शिबंदीपासून होते. सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनच्या सुटकेसाठी ह्या बेटाचा कोणी उपयोग करू नये, हा तिचा हेतू. वर्षभरात शिबंदी परत गेली. विल्यम ग्लास हा स्कॉटिश कॉर्पोरल मात्र बायकामुलांसह आणि दोन साथीदारांसह तिथेच राहिला. रविवारची प्रार्थना वाचणे आणि मुलांना अक्षरओळख करून देणे ही कामे घरातच होत. १८२४ मध्ये ऑगस्टस अर्ल हा चित्रकार जहाज चुकल्यामुळे बेटावर अडकला. त्या सुमारे आठ महिन्यांत त्याने काही मुलांना शिकवले. बेटाला लाभलेला हा पहिला बाहेरचा शिक्षक, आणि तोही अपघातानेच आलेला.

नेमून पाठवलेला पहिला शिक्षक म्हणजे रेव्हरंड विल्यम टेलर (१८५१–५७). त्याला ‘सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल’ (एसपीजी) ह्या अँग्लिकन संस्थेने पाठवले होते. महाराष्ट्रात अहमदनगर भागात काम करणारी एसपीजी मिशन ती हीच. टेलर उपासना चालवी आणि मुलांना वाचन-लेखन शिकवी. त्याच्या कारकिर्दीचा शेवट मात्र विलक्षण आहे. देवमाशांची शिकार करणारी जहाजे कमी होत होती आणि त्यांच्याशी चालणारा बटाटे-मांसाचा व्यापार आटत होता, तेव्हा ह्या बेटावर माणसांना भवितव्य नाही असे त्याचे मत झाले. १८५७ मध्ये तो निघाला तो ४५ बेटवासी बरोबर घेऊनच. मागे २८ जण राहिले. ते तिथेच टिकले.

एडविन डॉजसन ह्या पाद्र्याची कथाही ह्याच वळणाची. लुईस कॅरल ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या लेखकाचा तो धाकटा भाऊ. १८८१ मध्ये त्याचे जहाज बेटापाशीच फुटले आणि सामानाची मोठी हानी झाली. तरीही त्याने शाळा सुरू केली. पुढे त्याचेही मत असेच बनले की ह्या जागी माणसांनी राहण्याचे कारण नाही. १८८४ च्या अखेरीस तो गेला. दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर १८८५ मध्ये, एका जहाजाकडे निघालेल्या होडीसह १५ पुरुष बुडाले. बेटावर बहुतेक स्त्रिया आणि मुलेच उरली. ही बातमी कळल्यावर डॉजसन परत आला आणि १८८९ पर्यंत राहिला. बेट रिकामे व्हावे असे वाटणारा माणूस तिथल्या मुलांना शिकवायला दुसऱ्यांदा येतो, ही विसंगती ह्या साऱ्या इतिहासात खोल रुजलेली आहे. मुलांना चांगले शिकवायचे तर त्यांना इथून हलवले पाहिजे, असे शिकवणाऱ्यांना वाटे. आईबापांना मुले प्रार्थनापुस्तक वाचू शकली, पत्र लिहू शकली तरी पुरे होते.

अभ्यासक्रम साधाच होता: बायबल, प्रश्नोत्तरी (प्रश्नोत्तरांतून धर्मतत्त्वांचे पाठांतर), स्तोत्रे, वाचन, लेखन, हिशेब. पुस्तके आणि पाट्या देणगीतून येत. रेव्हरंड ग्रॅहम बॅरो आणि त्यांच्या पत्नी कॅथरिन (१९०६–०९) ह्यांच्या काळात वर्गाचा मोठा भार कॅथरिनबाईंनी वाहिला. पाद्र्यांच्या बायकांचे हे काम अहवालांत सहसा एखाद्या ओळीत उरकलेले असते. बॅरो दांपत्य गेल्यावर तेरा वर्षे कोणी आले नाही. त्या खंडात जी मुले वाढली, त्यांना घरी मिळाले तेवढेच शिक्षण मिळाले.

१९२२ मध्ये हेन्री मार्टिन रॉजर्स आणि त्यांची पत्नी रोझ आली. शाळेबरोबर बालवीर पथक निघाले आणि १९२३ मध्ये सेंट मेरीज हे बेटावरचे पहिले चर्च बांधले गेले. तोवर उपासना घरातच होत असे. पाद्र्याच्या हाती शाळेखेरीज बरेच काही असे: बाहेरून आलेल्या मदतीचे वाटप, तंटे सोडवणे, सरकारशी पत्रव्यवहार. हॅरल्ड वाइल्ड (१९३४–४०) ह्याच्या काळात ही सत्ता फारच एकवटली. धान्य आणि कपडे ज्याच्या ताब्यात, मुलांची शाळाही त्याच्याच ताब्यात, अशा व्यवस्थेत पालक तक्रार करणार तरी कोणाकडे?

१९४२ मध्ये ब्रिटिश आरमाराचे ठाणे आले, नियमित वर्ग भरू लागले आणि बेटावर प्रथमच पैसा चलनात आला. तोवर व्यवहार चाले तो मुख्यतः बटाट्यांच्या देवघेवीवर. १९४९ नंतर शेवंडाच्या मासेमारीचे उत्पन्न येऊ लागले, १९५० मध्ये प्रशासक नेमला गेला आणि शिक्षण चर्चकडून सरकारकडे गेले. ऑक्टोबर १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाल्यामुळे साऱ्या बेटवासीयांना इंग्लंडला नेण्यात आले. टेलर आणि डॉजसन ह्यांना जे हवे होते ते लाव्ह्याने घडवून आणले. मुले इंग्लंडमधल्या शाळांत जाऊ लागली. पण पुढच्याच वर्षी बेटवासीयांनी मतदान केले, तेव्हा परत जाण्याच्या बाजूने १४८ आणि विरुद्ध ५ मते पडली. १९६३ मध्ये बहुतेक कुटुंबे परतली.

बेटावरची सध्याची सेंट मेरीज शाळा १९७५ पासूनची आहे. नाव चर्चचे असले तरी ती सरकार चालवते. पुढील शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना सेंट हेलेना किंवा ब्रिटनला जावे लागते.