पार्श्वभूमी : चिठ्ठीवर ‘ब्रेस’, तोंडी ‘पट्टा’

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ब्रेस’ लिहिलं, तरी बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं ‘पट्टा’च म्हणतात. कंबर धरली की पट्टा. मणक्यात गॅप पडली की पट्टा. गाडीवरून पडून मणका दबला तरी पट्टा. आणि बारा वर्षांच्या मुलीचा कणा एका अंगाला वळत चालला, म्हणजे स्कोलिओसिस झाला, तरीही पट्टाच. तासगाव, जत, पलीकडून अथणी, इतक्या लांबून लोक इथं येतात आणि हा एकच शब्द घेऊन घरी परततात. त्यातून मूल वाढायचे मोलाचे महिने वाया जातात, म्हणून आधी या शब्दाचीच उकल करायला हवी.

पट्टा या नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू खपतात. पहिली म्हणजे मेडिकलच्या दुकानात मिळणारा इलॅस्टिकचा कंबरपट्टा. तो कंबरेला आधार देतो, वळणाला काहीही करत नाही. दुसरी म्हणजे टेलर ब्रेस, पाठीवर दोन उभ्या पट्ट्या आणि खांद्यावरून येणारे बंद. हिचा जन्म एकोणिसाव्या शतकातला आणि मणक्याच्या क्षयासाठी झालेला. क्षयात मणका पुढच्या बाजूनं ढासळतो, म्हणून माणसाला पुढं वाकू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ते ती आजही चोख करते. पण स्कोलिओसिसमध्ये कणा पुढं ढासळत नाही. तो बाजूला वळतो आणि वळता वळता ओला कपडा पिळावा तसा स्वतःभोवती फिरतो. म्हणून तर मूल ओणवं झालं की एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. टेलर ब्रेस बाजूनं दाब देतच नाही, मग वळण अडणार कसं?

तिसरी वस्तू म्हणजे कडक प्लास्टिकचा, त्या एकाच मुलासाठी घडवलेला साचा. वळण जिथं सर्वांत जास्त बाहेर आलेलं असतं तिथं आतून गादी लावलेली असते आणि ती दाबते. वर आणि खाली विरुद्ध बाजूनं दोन ठिकाणी अडवलेलं असतं. जिथं दाब, त्याच्या समोर मोकळी जागा सोडलेली असते, कारण ढकललेलं शरीर कुठंतरी सरकायला हवं. ती पोकळी नसेल तर तो साचा मुलाला नुसता आवळून धरतो.

‘कस्टम’ शब्दाचाही गुंता याच ठिकाणी आहे. दुकानदार छातीचा घेर मोजून ‘मापाचा पट्टा’ देतो आणि पालकांना वाटतं, हाच कस्टम. माप तर शर्टाचंही घेतात. खरा कस्टम ब्रेस एक्स-रेवरून ठरतो : वळण उजवीकडे की डावीकडे, एक की दोन, सर्वांत बाहेर सरकलेला मणका कोणता. उलट १९७०च्या दशकातला बॉस्टन ब्रेस मूळात तयार साच्यावरूनच सुरू झाला, फक्त गाद्या आणि काप मात्र प्रत्येकाच्या एक्स-रेप्रमाणे. म्हणजे साचा कुठून आला यापेक्षा दाब कुठं द्यायचा हे कुणी आणि कशावरून ठरवलं, ते महत्त्वाचं. माझ्या मते चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेस’ लिहिणं हे अर्धवट काम आहे.

बॉस्टनच्या आधी होता मिलवॉकी ब्रेस. १९४०च्या दशकात तो तयार झाला तो पोलिओनं कणा वाकलेल्या मुलांना ऑपरेशननंतर धरून ठेवायला. कंबरेला घट्ट पट्टा, त्यातून निघालेले धातूचे गज आणि गळ्याभोवती कडं. तो लपवता येत नसे. काखेखाली संपणारे, कपड्यांच्या आत जाणारे ब्रेस आल्यावर त्याचा वापर ओसरला. युरोपात त्याच १९७०च्या दशकात शेनो ब्रेस आला. पिळावर उलटा पीळ देणं आणि श्वासासाठी मोकळ्या जागा ठेवणं यावर त्याचा भर. आजचे बरेचसे कस्टम ब्रेस याच घराण्यातले.

ब्रेसचा उपयोग होतो का, यावर मात्र अनेक वर्षं वाद राहिला. उपचारांचा फायदा पक्का दिसत नव्हता, म्हणून अमेरिकेतल्या एका तज्ज्ञगटानं २००४ मध्ये लक्षणं नसलेल्या मुलांची स्कोलिओसिससाठी सरसकट तपासणी करू नका, असंच सांगितलं. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांवरचा ब्रेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या मुलांचं वय १० ते १५, एक्स-रेवर मोजलेलं वळण २० ते ४० अंश, हाडांची वाढ बाकी. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलं वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्के. ब्रेसमध्ये उष्णतेची नोंद घेणारं यंत्र होतं, त्यामुळं तो खरोखर किती तास अंगावर होता ते कळलं. दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढं गेलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला. २०१८ मध्ये त्या तज्ज्ञगटानंही ‘करू नका’ मागं घेतलं आणि ‘तपासणीबद्दल पुरावा अपुरा’ असं म्हटलं.

दोन गोष्टी पालकांना कुणीतरी नीट सांगायला हव्यात. ब्रेस न घालताही जवळपास निम्मी मुलं त्या मर्यादेत राहिली, म्हणजे प्रत्येक वळण वाढतंच असं नाही. आणि इथं यश म्हणजे कणा सरळ होणं नव्हे. वळण ऑपरेशनच्या उंबरठ्याआधी रोखणं, एवढंच.

आपल्याकडे अडचण वेळेची आहे. मोठी वळणं मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतात आणि ती झपाट्यानं वाढतात पाळी सुरू होण्याच्या आगेमागे. नेमकं तेव्हाच मुलगी पाठ झाकायला लागते. खांदा वर-खाली आहे हे आधी लक्षात येतं ते बहुतेकदा ड्रेस शिवणाऱ्या बाईंच्या. मग दोष दप्तराला दिला जातो, खरं तर दप्तरानं हा आजार होत नाही. ‘लग्नाच्या वेळी बघू’ म्हणेपर्यंत वाढ संपलेली असते, आणि वाढ संपल्यावर हा ब्रेस वळण रोखण्याच्या कामाचा राहत नाही.

शिवाय सांगलीचा एप्रिल-मे. प्लास्टिकच्या आत घाम साचतो, कातडी लाल होते. सुती, शिवणी नसलेला बनियन आतून घालणं आणि तो दिवसातून दोनदा बदलणं, ही साधी गोष्ट तासांचा हिशेब राखते. मूल उंचीनं वाढलं की गाद्या सरकतात. ब्रेस दिल्यानंतर काही आठवड्यांनी तो अंगावर ठेवूनच एक्स-रे काढायचा असतो. वळण किती कमी झालं ते त्यातच दिसतं, आणि फारसं झालं नसेल तर बदलायचा असतो तो ब्रेस.