हॉकिंग हिल्सला केबिनमध्ये राहायला जाताना

भारतातून आलेल्या आई-बाबांना ‘केबिन’ म्हटलं की साहेबाची काचेची खोली आठवते. ओहायोतल्या या स्टेट पार्कजवळची केबिन म्हणजे झाडीतलं लाकडी घर, कोलंबसहून रूट ३३ ने साधारण तासाभरावर.

किराणा लोगन गावातच भरा. पुढे वळणावळणाच्या रस्त्यावर फोनची रेंज जाते, म्हणून पत्ता आणि दाराचा कोड कागदावर लिहून घ्या. कुकर, लाटणं घरून आणा. फोडणीआधी खिडकी उघडा: आमच्याच एका मुक्कामात मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म असा बोंबलला की सगळे ताटं घेऊन पडवीत! रात्री कचरा बाहेर ठेवू नका, रॅकून (मांजराहून थोडा मोठा, रात्री फिरणारा प्राणी) पिशव्या फाडतात.

पार्कात तिकीट नाही. ‘केव्ह’ म्हणजे अजिंठ्यासारखं कोरीव लेणं नव्हे, कपार. वाळूच्या खडकाचा मधला मऊ थर झिजला आणि वरचा टणक थर छपरासारखा राहिला. गुडघे दुखत असतील तर थेट ॲश केव्ह गाठा. पाव मैलाची सपाट, पक्की वाट आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. कपार ७०० फूट लांब. तिच्या कडेवरून सुमारे ९० फुटांची धार खाली पडते. गोऱ्या वसाहतवाल्यांना इथे राखेचे मोठे ढीग सापडले, बहुधा मूळ रहिवाशांच्या चुलींचे. त्यावरून हे नाव. पाणी बघायचं तर वसंतात या. ऑगस्टात धार करंगळीएवढी होते, मग फोटो दाखवून आमच्याशी भांडू नका.

ओल्ड मॅन्स केव्हला पायऱ्या पुष्कळ, दगड निसरडे, आणि वाट एकेरी. चपला नकोत. सीडर फॉल्स या धबधब्यापाशी सीडरची (देवदारासारखी) झाडं शोधू नका. तिथली झाडं हेमलॉकची, नाव चुकून पडलेलं.

पाऊस लागला तर लोगनच्या स्वागत केंद्राशेजारी पेन्सिलच्या शार्पनरचं संग्रहालय आहे: एका पाद्रीबाबांनी जमवलेले ३,४०० हून जास्त शार्पनर, एका खोलीएवढ्या जागेत. दहा मिनिटांचं काम, पण मुलं हलत नाहीत. नेल्सनव्हिल हे गाव त्याहून निवांत. विटांचा चौक, १८७९ चं ऑपेरा हाउस आणि जुनी पर्यटक रेल्वे; गाडी रोज सुटत नाही, वेळापत्रक पाहूनच निघा.

ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा शनिवार-रविवार फार आधी भरतात. सोमवार ते गुरुवार जमत असेल तर आधी तेच विचारा; भाडंही बहुधा कमी पडतं.