हक्क सांगायचे कोणी? शहरांच्या प्रयोगांची पार्श्वभूमी

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात राष्ट्रीय संग्रहालयाच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यावर पांढऱ्या काँक्रीटचे खांब ओळीने उभे आहेत. उंची आठ मीटर, त्यामुळे मान वर करूनच पाहावे लागतात. उभे खांब २७. आणखी दोन जमिनीत गाडलेले, त्यांची फक्त वरची चकती दिसते. एका जागी खांबाऐवजी ओकचे झाड आहे. सगळे मिळून ३०, कारण मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात कलमे तेवढीच आहेत. खांबावर एकेक कलम जर्मनमध्ये आणि शेजारी दुसऱ्या एखाद्या भाषेत कोरले आहे. त्यात युरोपातल्या ज्यूंची यिडिश भाषाही आहे. ज्या भाषांना खांब मिळाला नाही, त्यांच्या वाट्याला ते झाड. इस्रायली शिल्पकार दानी काराव्हान यांची ही रचना १९९३ मध्ये खुली झाली. याच शहरात १९३५ साली ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे जाहीर झाले होते.

रहिवाशांना हक्कांची ओळख करून देणे हे नगरशासनाचेही काम आहे, ही कल्पना रुजायला बराच काळ जावा लागला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा संमत झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सोबत एक छोटा ठरावही केला होता. जाहीरनामा सगळीकडे वाटावा, लावावा, वाचून दाखवावा, समजावून सांगावा, आणि हे विशेषकरून शाळांमधून व्हावे, असे त्यात म्हटले होते. पण हे आवाहन होते राष्ट्रांच्या सरकारांना. पाणी, कचरा, रस्ते, जन्ममृत्यूचे दाखले यांसाठी माणसाचा रोजचा संबंध ज्या शासनाशी येतो, ते शासन कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. पुढे १९५८ साली, जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष राहिलेल्या एलिनॉर रूझवेल्ट यांनी हक्कांची सुरुवात घराजवळच्या लहानसहान जागी होते, असे सांगितले. त्या जागांचा कारभार बहुतेक ठिकाणी शहरेच पाहत होती. तरी आणखी चार दशके हा दुवा कुणी फारसा जोडला नाही.

शीतयुद्ध संपल्यावर चित्र बदलले. १९९३ च्या व्हिएन्नातल्या जागतिक मानवी हक्क परिषदेने मानवी हक्क शिक्षणावर भर दिला आणि १९९५ ते २००४ हे संयुक्त राष्ट्रांचे त्या शिक्षणाचे दशक ठरले. मानवी हक्क कार्यकर्त्या शुलामिथ कोनिग यांची संस्था लोकांना हक्क शिकवण्याचे काम १९८८ पासून करत होती. तिच्याच पुढाकाराने १९९७ मध्ये अर्जेंटिनातल्या रोझारिओने स्वतःला ‘मानवी हक्क शहर’, म्हणजे हक्कांच्या तत्त्वांवर कारभार करू पाहणारे शहर, घोषित केले. जगातले हे पहिले. ज्या देशाने १९७६ ते १९८३ लष्करी हुकूमशाही आणि हजारोंचे बेपत्ता होणे अनुभवले, तिथल्या शहराने हे करावे यात नवल नाही. रोझारिओत पोलिसांना प्रशिक्षण देणे हा त्या कामाचाच भाग होता. गणवेशातल्या माणसाला नियम ठाऊक नसेल, तर रहिवाशाने भिंतीवर वाचलेले कलम चौकीत कितपत उपयोगी पडणार?

त्यानंतर हे बिरुद भराभर पसरले आणि थोडे स्वस्तही झाले. ते देणारी किंवा काढून घेणारी एकच अधिकृत संस्था नाही. सभागृहात ठराव झाला, फोटो निघाला की शहर ‘मानवी हक्कांचे’ होऊ शकते. त्यामुळे कोणत्या शहराने बिरुद घेतले यापेक्षा कोणी स्वतःला बांधून घेतले, हे पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोने तसे केले. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला अमेरिकेने मान्यता दिलेली नाही. पण १९९८ मध्ये या शहराने त्या कराराची तत्त्वे आपल्या स्थानिक कायद्यात आणली आणि महापालिकेच्या खात्यांना आपले काम स्त्रियांच्या नजरेतून तपासायला लावले. सार्वजनिक बांधकाम खाते पहिल्या तपासणीतच होते. रस्त्यावर दिवे कुठे आहेत, पदपथाला उतार कुठे आहेत, हे अभियंत्याचे प्रश्न हक्कांचे प्रश्न म्हणून मांडले गेले. रात्री घरी परतणाऱ्या बाईला कराराचे नाव माहीत असण्याची गरज नाही. खांबावर दिवा लागला की तिला कळते.

युरोपात २००० साली फ्रान्समधल्या साँ-दनी इथे शहरांनी मिळून हक्कांची सनद केली आणि पुढे चारशेहून अधिक शहरांनी तिच्यावर सह्या केल्या. ऑस्ट्रियातले ग्राझ २००१ मध्ये मानवी हक्क शहर झाले. तिथल्या सल्लागार मंडळाचे एक काम मला विशेष धाडसी वाटते: नगर निवडणुकीच्या प्रचारात कोणता पक्ष परक्यांबद्दल, अल्पसंख्याकांबद्दल काय बोलतो याची नोंद ठेवून शेरे जाहीर करायचे. मतदाराला हक्क म्हणजे काय ते व्याख्यानातून नव्हे, उमेदवाराच्याच वाक्यांतून कळते.

दक्षिण कोरियातल्या ग्वांग्जूची गोष्ट वेगळी आहे. मे १९८० मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध इथे उठाव झाला आणि तो रक्तात बुडवला गेला. शहराने ती आठवण संग्रहालयापुरती ठेवली नाही. उठावाच्या तारखेवरून, १८ मेवरून, ५१८ क्रमांक दिलेली एक शहर बस त्या घटनांच्या जागांवरून आणि हुतात्म्यांच्या दफनभूमीपर्यंत धावते. बाजारहाट करणारे, शाळेत जाणारे त्याच बसने जातात. ग्वांग्जूने मानवी हक्कांचा स्थानिक कायदा केला, २०१२ मध्ये स्वतःची सनद आणली आणि २०११ पासून जगभरच्या मानवी हक्क शहरांची परिषद भरवली. २०१४ मध्ये तिथेच या शहरांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही मांडली गेली.

दरम्यान, डिसेंबर २०११ मध्ये आमसभेने मानवी हक्क शिक्षणाचा वेगळा जाहीरनामा संमत केला. हक्कांविषयीचे शिक्षण, हक्क पाळून दिलेले शिक्षण आणि हक्क वापरता यावेत यासाठीचे शिक्षण, अशी त्याची तीन अंगे. नगरशासनाच्या संदर्भात मधले अंग सगळ्यात अवघड, असे मला वाटते. फलक लावणे सोपे. खिडकीवर आलेल्या माणसाला खुर्ची देऊन त्याचे ऐकून घेणे हे रोजचे काम आहे.

कॅनडातल्या माँट्रियलने २००६ मध्ये लागू केलेली हक्क आणि जबाबदाऱ्यांची सनद न्यायालयात पुढे करता येत नाही. तिचा भंग झाला, तर रहिवाशाने महापालिकेच्या लोकपालाकडे जायचे, तेही विनाशुल्क. नंतर तिच्यात आणखी एक तरतूद आली: १५ वर्षे किंवा त्याहून मोठ्या १५ हजार रहिवाशांनी सह्या केल्या, तर महापालिकेला त्या विषयावर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. म्हणजे अजून मतदार नसलेली मुलेही सही करू शकतात. पहिली मागणी आली ती शहरी शेतीची. २०१८ मध्ये मात्र रहिवाशांनी वंशभेदावर सुनावणी मागितली, आणि आरोप होता खुद्द शहराच्या कारभारावर. जून २०२० मध्ये सुनावणीचा अहवाल आला. हा भेदभाव व्यवस्थेतच मुरलेला आहे हे शहराने आधी कबूल करावे, ही त्यातली पहिली शिफारस होती. महापौरांनी त्याच दिवशी ते कबूल केले.