सहा मिनिटांची चाल आणि बारा प्रश्नांचा फॉर्म

हार्ट फेल्युअर असलेल्या सत्तरीपुढच्या माणसाच्या फाइलमध्ये कधी दोन आकडे शेजारी दिसतात: चाल 280 मीटर, केसीसीक्यू 71. घरच्यांना वाटते, एकाच गोष्टीची ही दोन मापे. पण पहिला आकडा म्हणजे सहा मिनिटांत चाललेले अंतर, तो शरीराला किती झेपते ते सांगतो. दुसरा म्हणजे केसीसीक्यू या हार्ट फेल्युअरच्या प्रश्नावलीचे गुण, ते त्या माणसाचे दिवस कसे जातात ते सांगतात.

चालीसाठी 30 मीटरचा सपाट, सरळ व्हरांडा लागतो, दर 3 मीटरवर खूण. आधी दहा मिनिटे खुर्चीत विसावा, मग नाडी, रक्तदाब, धाप यांची नोंद. नाडी 120 किंवा वरचा रक्तदाब 180 च्या पुढे असेल तर चाल पुढे ढकलावी. चपला रोजच्याच, काठीही रोजचीच. दम लागला तर थांबावे, घड्याळ मात्र चालूच. तपासणाऱ्याने बरोबरीने चालू नये, म्हातारे माणूस नकळत त्याचा वेग धरते. व्हरांडा आखूड असला तर वळणे वाढतात आणि अंतर कमी भरते. गोव्यात पावसाळ्यात लादी ओली असते, तेव्हा पाय जपूनच पडतो. आधी लादी पुसून कोरडी करावी. दोन वेळच्या चालींत साधारण 30 मीटरचा फरक असेल तरच तो खरा बदल धरावा.

केसीसीक्यूचा छोटा, बारा प्रश्नांचा फॉर्म मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो: आंघोळ करताना, सपाटीवर चालताना किती अडले, पाय सुजले का, बसून झोपावे लागले का. गुण 0 ते 100, जास्त म्हणजे चांगले. 5 गुणांचा फरकही मोलाचा. हार्ट फेल्युअरसाठीच्याच 'मिनेसोटा' नावाच्या दुसऱ्या, 21 प्रश्नांच्या फॉर्ममध्ये नेमके उलट: 0 ते 105, जास्त म्हणजे वाईट. फाइलमध्ये आकड्याशेजारी फॉर्मचे नाव हवेच.

खरी फसगत पुढे आहे. डिचोलीच्या वाड्यावरची आजी संध्याकाळच्या भजनाला जायचेच बंद करते आणि म्हणते, "मला काही त्रास नाही." फॉर्ममधला 'इतर कारणाने अडले किंवा केलेच नाही' हा पर्याय निवडला की तो प्रश्न गुणांत धरलाच जात नाही. म्हणून गुण चांगले दिसले तरी विचारावे: आजी, काय काय करायचे सोडलेत? उत्तर तिचेच हवे, शेजारी बसलेल्या लेकीचे नको. प्रश्न कोकणीत वाचून दाखवले असतील तर पुढच्या खेपेलाही कोकणीतच वाचावेत.

उलटेही होते. गुडघे झिजलेला माणूस 200 मीटरवर थांबतो आणि दोष हृदयावर येतो. अंगात साठलेले पाणी उतरले की फॉर्मचे गुण लवकर चढतात, मांड्यांत ताकद यायला मात्र आठवडे जातात. चालीच्या नोंदीत अंतरापुढे दोन शब्द लिहावेत: 'गुडघ्याने थांबले' किंवा 'दमाने थांबले'.