मुतखडा झाला म्हणून दूध सोडू नका

इंदूरच्या मराठी घरांत कुणाला मुतखडा निघाला की पहिला घाला दुधावर, दह्यावर आणि ताकावर पडतो. खडा कॅल्शियमचा, तेव्हा कॅल्शियम बंद, असा हा सरळ वाटणारा पण चुकीचा हिशेब आहे.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, म्हणजे कॅल्शियम आणि पालकासारख्या भाज्यांतले ऑक्झलेट हे द्रव्य मिळून बनलेले असतात हे खरे. परंतु जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते मलावाटे निघून जाते. कॅल्शियम तोडले की मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन मूत्रपिंडात उतरते. पालकात ऑक्झलेट भरपूर असते, म्हणून आपली ताकातली पालकाची पातळभाजी नुसत्या परतलेल्या पालकापेक्षा बरी. इटलीत खडे वारंवार होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षे अभ्यास झाला आणि तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरेसे कॅल्शियम पण कमी मीठ व कमी मांस घेणाऱ्यांना, कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या तुलनेत, पुन्हा खडा होण्याचा धोका जवळपास निम्मा आढळला.

उलट, वर्षानुवर्षे दूधदुभते टाळल्यास हाडे ठिसूळ होण्याची भीती असते, आणि चाळिशीपुढच्या स्त्रियांच्या बाबतीत मला ही भीती फार गंभीर वाटते. माळव्याच्या उन्हाळ्यात घाम जाऊन लघवी घट्ट होते. तेव्हा आवर घालायचा तो शेव-फरसाणाच्या मिठाला, आणि वाढवायचे ते पाणी. कॅल्शियमच्या गोळ्यांचे मात्र वेगळे आहे: त्या डॉक्टरांना विचारूनच आणि शक्यतो जेवणासोबत घ्याव्यात.