‘व्हाइट झॉम्बी’ आणि ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’: गल्लत कुठे होते?

दोन्ही जुने कृष्णधवल भयपट, दोन्ही सत्तर मिनिटांच्या आत आटोपणारे. दोन्हींत कॅरिबियन बेट, वूडू (आफ्रिकी मुळांचा तिथला पंथ), ढोल आणि शून्य नजरेची गोरी बाई. म्हणून एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपते. ढोबळ खूण अशी: बेला लुगोसी हा नट दिसला तर १९३२ चा ‘व्हाइट झॉम्बी’, कॅनडाहून आलेली नर्स दिसली तर १९४३ चा ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’.

पण खरा फरक झॉम्बीला, म्हणजे जादूने गुलाम केलेल्या प्रेतवत माणसाला, धनी आहे की नाही, इथे आहे.

व्हिक्टर हाल्परिनच्या ‘व्हाइट झॉम्बी’त तो आहे. हैतीत साखर कारखाना चालवणारा लजांद्र, म्हणजे लुगोसी. त्याची कृतीही पडद्यावर दिसते: नवरीच्या हातातल्या गुलाबात चूर्ण, मग मेणबत्ती कोरून केलेली बाहुली, तिला नवरीचा स्कार्फ गुंडाळून ज्योतीत धरणं. कारखान्याचा प्रसंग तर चुकवूच नका. चरकाला बैलांऐवजी माणसं जुंपलेली. एक जण तोल जाऊन आत पडतो, बाकीचे थांबत नाहीत. ऐकू येते ती फक्त लाकडाची करकर. तेव्हा हैती अमेरिकी फौजेच्या ताब्यात होतं (१९१५ ते १९३४), हे ध्यानात ठेवून तो पाहावा.

निर्माता व्हॅल ल्युटन आणि दिग्दर्शक जाक टर्नर यांच्या ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’त असा धनी सापडत नाही. सेंट सेबॅस्टियन हे बेट काल्पनिक, कथेवर ‘जेन एअर’ या कादंबरीची छाया. नर्स जिची देखभाल करते त्या जेसिकाला काय झालंय? डॉक्टर म्हणतात तापाचा परिणाम. सासू म्हणते, मीच तिला झॉम्बी करवलं. वूडूवाले तिच्या दंडात तलवार खुपसतात, रक्त येत नाही. निकाल चित्रपट देतच नाही, आणि आमच्या मते तिथेच तो वरचढ ठरतो. रात्री उसाच्या फडातून नर्स जेसिकाला वूडूवाल्यांकडे नेते, कपड्याला टाचलेली वाट मोकळी करणारी खुणेची चिंधी अडकून राहते आणि पुढ्यात वाटेचा राखणदार कारफूर उभा ठाकतो. फ्रेंचमध्ये कारफूर म्हणजे चौरस्ता; वूडूत त्या नावाचं दैवतही आहे.

माणसं खाणारे झॉम्बी दोन्हींत नाहीत. ते दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासूनचे, आणि त्यात वूडू नाही.

‘व्हाइट झॉम्बी’चे अमेरिकेतले स्वामित्वहक्क संपलेत, त्यामुळे काळपट, खरखरत्या प्रती फार फिरतात. आधी कारखान्याचा प्रसंग लावून बघा. करकर खरखरीत बुडत असेल तर दुसरी प्रत शोधा.